आटलेला समुद्र

बायको गेल्याला वर्ष होत आलं, तरी तिच्या बाळकृष्णाची आंघोळ मी एक दिवस चुकवली नव्हती, आणि त्यात भक्ती मात्र काडीची नव्हती. आम्हाला मूल नाही. त्या रांगणाऱ्या पितळी बाळाला ती रोज न्हाऊ घालायची, नैवेद्य दाखवायची, मगच माझं ताट वाढायची. तिच्यामागे माझे हात ते सगळं करत, मन कोरडंठाक. गुरांच्या दवाखान्यात मी तीस वर्षं कंपाउंडर होतो. शेवटच्या वर्षांत हिवरखेडकडच्या गावांत दुष्काळापायी बैल विकले जाऊन गोठे ओस पडलेले पाहिले, आणि नंतर माझंच घर ओस पडलं. देव आहे की नाही, असा वाद मी कोणाशी घातला नाही. पण रोज सकाळी आपण ढोंग करतोय, याची लाज वाटायची. शेवटी ठरवलं, कुठल्या तरी देवळात हा देव द्यायचा, नाहीतर पाण्यात सोडायचा.

तिला समुद्र पाहायचा होता. दरवर्षी जाऊ म्हणायचो आणि दरवर्षी राहायचं. म्हणून देव पिशवीत घालून, जुनी मारुती काढून मी अकोल्याहून एकटाच निघालो आणि कोकणच्या किनाऱ्याने रमतगमत हिंडलो. चौलची जुनी देवळं पाहिली, रेवदंड्याची पडकी तटबंदी पाहिली. घाई कसली? वाट पाहणारं कोणी नव्हतं. लॉजवाले विचारत, "एकटेच?" वळणावर अचानक समुद्र दिसला की शेजारच्या सीटकडे वळून मी "पाहिलं का?" म्हणायचो, आणि मग गाडी बाजूला घेऊन बराच वेळ बसून राहायचो. देव काही कोणी घेतला नाही. एक गुरुजी म्हणाले, "असे चार आधीच आणून टाकलेत लोकांनी." दुसऱ्यांनी "घरचा देव घरीच बरा" म्हणून वाटेला लावलं.

मग एका गावी पोचलो. तिथे समुद्रात किल्ला आहे आणि पाणी मागे हटलं की वाळूवरून चालत जाता येतं. किनाऱ्यावर मासळी वाळवणाऱ्या बाईला वाट विचारली. ती म्हणाली, "सुकती हाय, जावा. पन भरतीच्या आदी मागारी या." मी 'सुकती' ऐकलं आणि पुढचं कानाआड केलं. तिकडे ओहोटीला सुकती म्हणतात, हे मला कुठे ठाऊक? वऱ्हाडचा माणूस! आमच्याकडे सुकलं म्हणजे सुकलं. आटलेली विहीर संध्याकाळी भरून येत नाही. मी निवांत किल्ला हिंडलो, मागच्या खडकावर जाऊन बसलो आणि बाळकृष्ण हातात घेतला. मूठ काही उघडेना. माझाच मला राग आला. किती वेळ गेला कळलं नाही. परत दरवाज्याशी आलो तर वाळू नाही, सगळं पाणीच पाणी.

आमच्या पूर्णा नदीतून अनेकदा उतार शोधून पलीकडे गेलो होतो, त्या घमेंडीत पिशवी धरून शिरलो. कमरेइतक्या पाण्यात पायाखालची वाळू सरकू लागली. तेवढ्यात मागून ओरडणं आलं, "ओ काका! काहून चालले पान्यात? मरा लागते का?"

'काहून'! महिन्याभरात हा आमचा वऱ्हाडी शब्द ऐकला नव्हता. घरच्या माणसाने हाक मारावी तसा मी मागे फिरलो. पायरीवर चाळिशीचा एक माणूस उभा होता, हाताला चुना लागलेला. त्याने मनगट धरून मला ओढून घेतलं.

"पानी तं आटलं होतं ना गा," मी म्हणालो.

तो हसत सुटला. "हे आटत नाई काका. जाते अन् येते. रोज दोनदा."

तो आमच्या अकोल्याजवळच्या बाळापूरचा मुसलमान गवंडी. गावाकडे बांधकामं थांबली तेव्हा काम शोधत इकडे आला होता आणि किल्ल्यातल्या देवळाचा ओटा दुरुस्त करत होता. पाणी उतरेपर्यंत अडकलो होतो. मी भिजलेला देव दगडावर ठेवला. त्याने डबा उघडला, ज्वारीची भाकर आणि ठेचा. मी हात पुढे केला, तर तो म्हणाला, "थांबा. पहिले लेकराले ठेवा, मंग आपन. आमच्या शेजारची माय असंच करे."

मी भाकरीचा तुकडा देवापुढे ठेवला. वर्षभरात पहिल्यांदा वाटलं, समोर खरंच कोणी भुकेलेलं आहे. मग मला रडू फुटलं. तिच्या चितेपाशीही मी असा रडलो नव्हतो. तो माणूस पाठ फिरवून आपली थापी धूत राहिला.

दिवस कलताना वाळू उघडी पडली आणि त्याने मला किनाऱ्यापर्यंत पोचवलं. मी हात जोडले. म्हणालो, "देवानंच तुले धाडलं बाबू."

त्याने मान हलवली. "नाई काका. तीन साल झाले, आपल्या बोलीत बोलाले मले कोनी भेटलं नाई. आज सकाळच्या नमाजात तेच मांगलं होतं. तुमालेच धाडलं त्यानं."

आजही बाळाला न्हाऊ घालताना हे आठवतं आणि हात थांबतो. आपल्याला कोणी पाठवलंय, कोणासाठी, हे आपल्याला कुठे ठाऊक असतं? माझ्यासारख्या रागात, रिकाम्या मनानं, चुकीच्या वेळी पाण्यात शिरलेल्यालाही देवानं कामाला लावलं. त्यापुढे माझी भक्ती खरी की खोटी, हे मी त्याच्यावरच सोडलं आहे.