लीनेच्या घागऱ्याचे पट्टे

सालमेमावशी आमच्या किह्नू बेटावर मासे निवडायच्या शेडमध्ये कामाला होती. चित्रकलेचं शिक्षण शून्य. माशांच्या खोक्यांच्या फळ्या आणि होड्यांचा उरलासुरला रंग, एवढ्यावर तिनं बेटावरच्या सगळ्या बायका रंगवल्या, त्याही पाठमोऱ्या. तोंड एकीचंही नाही. तरी कुठलंही चित्र दाखवा, शेंबडं पोरही सांगे, ही अमकी म्हणून. मी चाळीस वर्षं तिच्या शेजारी राहिले, पण तिला ते कसं जमायचं हे मला आजही कळलेलं नाही.

आमच्याकडे बाईचं मन तिच्या घागऱ्यावर दिसतं. सुखात लाल पट्टे, घरातलं कुणी गेलं की निळे-काळे, आणि मग हळूहळू एकेक लाल रेघ परत येते. मावशीच्या चित्रात हे पट्टे कधी चुकले नाहीत.

लीनेचा पोरगा एन्न शरदात हेरिंग मासे धरायला गेला तो आलाच नाही. होडी सापडली, तो नाही. लीनेनं लाल घागरा उतरवला नाही. "पोरगा समुद्रात आणि ही बघा, नवरीसारखी," असं बायका बोलायच्या. मला त्यांचा भयंकर राग यायचा. लीने मावशीकडे आली आणि माझं चित्र काढ म्हणाली. मावशीनं काढलं. डावा खांदा उतरलेला, मान समुद्राकडे. घागरा मात्र कोरा, नुसतं लाकूड.

"लाल रंगवला तर मी खोटं बोलले, काळा रंगवला तर मी त्याला मारलं," मावशी मला म्हणाली. "रंग तीच सांगेल."

अकरा वर्षं ते चित्र मावशीच्या स्वयंपाकघरात टांगलेलं होतं. लीने राय धान्याचा पाव घेऊन यायची, चित्र बघायची, कॉफी प्यायची आणि जायची. रंगाचं दोघी कधी बोलल्या नाहीत.

पुढे मावशीचे हात कापायला लागले. त्या वसंतात लीने आली तेव्हा मी तिथेच बटाटे सोलत होते. ती बसली नाही.

"सालमे, हात चालतोय तोवर रंगव बाई."

"लाल रेघा किती?"

"एकही नको."

मावशीनं डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं आणि रंगवायला बसली. दुपारपर्यंत एक रेघ वाकडी गेली नाही. बटाटे तसेच राहिले. तसं काही मी जन्मात पाहिलेलं नाही. लीनेनं चित्र डोळे भरून पाहिलं, घरी गेली आणि मागावर निळं सूत चढवलं.

घागरा विणून झाला त्या रविवारी ती तो घालून चर्चमध्ये आली. माणूस गेला की वाजवतात ती घंटा एन्नसाठी त्या दिवशी वाजली.