व्हय म्हणायला लावणारी काकी

काकीच्या बोलण्यातून कुणाची सहज सुटका होत नसे. एक वाक्य बोलली की ती थांबायची, समोरच्याकडे रोखून बघायची आणि त्याने ‘व्हय’ म्हटल्याशिवाय पुढचं वाक्य सोडायचीच नाही. नुसती मान हलवलेली तिला चालत नसे. “तोंडात काय गूळ धरलंस?” म्हणायची. फोनवर तर माझी पंचाईतच होई. ओरोसच्या ऑफिसात फाइल चाळता चाळता मी गप्प राहिले की पलीकडून लगेच यायचं, “आयकतंस मा गो? मगे व्हय म्हण.” आणि शेजारच्या टेबलावरच्या बाई माझ्याकडे बघत असताना मी मुकाट्याने ‘व्हय’ म्हणायची.

ही सवय तिला गाऱ्हाण्यामुळे लागली होती. पावसाळ्यात वर ओढून ठेवलेली होडी नारळीपौर्णिमेला पहिल्यांदा पाण्यात लोटायची म्हणजे आधी घरापुढच्या अंगणात, खळ्यात, नारळ ठेवून देवाला मोठ्याने गाऱ्हाणं घालायचं, आणि एकेका मागण्याला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. काका होते तोवर ते घालत. काका गेले आणि प्रश्न पडला. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ दादा, समुद्रात वाघ. पण चार माणसांसमोर त्याच्या तोंडून शब्द फुटेल तर शपथ. त्या वर्षी नारळीपौर्णिमेला वाडीचे गावकार गाऱ्हाणं घालायला येणार होते. देवळातला मान त्यांचाच. ते काही वेळेवर आले नाहीत आणि भरती उतरायला लागली. तेव्हा काकीने पदर खोचला आणि नारळ उचलला. “भरती काय गावकारांची वाट बघतली?” एवढंच म्हणाली. तेव्हापासून आमच्या खळ्यात गाऱ्हाणं तीच घालू लागली.

काकांचं गाऱ्हाणं आटोपशीर असे. काकीच्या गाऱ्हाण्यात अख्खा संसार यायचा. दादाची बायको, आमची वहिनी, समुद्रापासून आत असलेल्या कट्टा गावची. भातशेती आणि काजू यांत वाढलेली, तिला बांगडा साफ करता येईना. बायका हसायच्या. काकीने ते देवालाच सांगितलं: “सुनेक माशे साफ करूक येणा नाय, पण तिच्या हाताक चव आसा. तिका जो कोण हसता, तेच्या घशात काटो अडकांदे रे म्हाराजा!” हसणाऱ्या बायका समोरच उभ्या होत्या, आणि त्यांनाच ‘व्हय’ म्हणावं लागलं.

तीन वर्षांपूर्वी वहिनीने हे गाऱ्हाणं मोबाइलवर घेतलं आणि घरच्या ग्रुपवर टाकलं. तिथून कुणी कुणाला पाठवलं देव जाणे. आठवड्याभरात आमच्या ऑफिसातले एक साहेब सगळ्यांना गोळा करून मोबाइल दाखवत होते. “अहो, काय भारी म्हातारी आहे बघा!” मी वाकून बघितलं, तर खळ्यात काकी! आणि ती नेमकी म्हणत होती, “पुतणी ओरोसाक सरकारी नोकरी करता, पण फोन उचलणा नाय. तिका बुद्धी दी रे म्हाराजा!” सगळं ऑफिस हसून लोटपोट. “ही पुतणी आपल्याकडचीच असणार हं,” साहेब म्हणाले. मी पाणी प्यायला उठले.

काकीच्या आवाजाला लोकांनी गाणी जोडली, तिच्या तोंडचं ‘म्हाराजा’ वाढदिवसाच्या शुभेच्छांना चिकटवलं. कौतुक करणारे पुष्कळ होते, पण गावंढळ म्हणणारेही कमी नव्हते. घरात सगळा राग वहिनीवर निघाला. ती बिचारी जेवेना. काकीने मात्र तो व्हिडिओ नीट बसून पाहिला. तिची तक्रार एकच. “माझो आवाज बरो इलो हा. पण ह्यो मागे व्हय म्हणणारो कोण? तेच्या व्हयात जीवच नाय.” मग वहिनीला जवळ बसवून म्हणाली, “तू काय चोरी केलंस? मी देवाक सांगलंय, तां लोकांनी आयकलां. देवाक सांगूचा तां बारीक आवाजात सांगूचा नसता. जेव आता.”

खरी कटकट पुढे सुरू झाली. बाईने, त्यात नवरा गेलेल्या बाईने, नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घातलं आणि ते जगाने बघितलं, यात वाडीची नाचक्की झाली असं गावकारांनी ठरवलं. वाडीने इतकी वर्षं चालवून घेतलं होतं, तेव्हा नाचक्की नव्हती! काकीने मोबाइलसमोर माफी मागावी, असा निरोप आला. तोवर आमच्या होडीला वाडीतलं कुणी हात लावणार नव्हतं. होडी वाळूवरून लोटायला आणि ओढून घ्यायला माणसं लागतात, एका घराचं ते काम नव्हे. ऐन मोसमात आमची होडी वाळूत बसून राहिली. दादा रोज तिच्याभोवती एक फेरी मारून यायचा.

“आये, दोन शब्द म्हणान टाक,” शेवटी तो म्हणाला.

“दोन शब्द आसत माझ्याकडे. पण ते ह्ये नायत. येवंदे तेंका.”

माफीसाठी ठरलेल्या दिवशी मी रजा टाकून गेले. गावकार दहा-बाराजणांना घेऊन खळ्यात आले. एकाने मोबाइल उभा धरला. काकी स्वच्छ लुगडं नेसून बाहेर आली, पाटावर नारळ ठेवला आणि हात जोडले. माफीची तयारी असेल असं सगळ्यांना वाटलं.

“बा देवा म्हाराजा!” काकीचा आवाज लागला. “आज वाडयेचे मोठे माझ्या खळ्यात उभे आसत, तेंका बरां आरोग्य दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले. जन्मभराची सवय, दुसरं काय करणार! देवापुढचं मागणं अधांतरी कसं सोडायचं?

“ह्या होडयेचो धनी गेलो, पण घर रवलां. ह्या घरची चूल पेटती रवांदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“गाऱ्हाणा घालणारो बापयो की बायल, तां बघू नको. भक्ती बघ रे म्हाराजा!”

“व्हय म्हा...” गावकारांचा आवाज अर्ध्यावर अडखळला. पण बाकीच्यांचा जाऊन पोचला होता.

“आणि जेंनी व्हय म्हटल्यानी, तेंचे हात आज माझ्या होडयेक लागांदे रे म्हाराजा!”

आता कुणी बोलेना. काकी थांबली. गावकारांकडे बघत राहिली. तिचं हे थांबणं मला चांगलं ठाऊक होतं, ती संध्याकाळपर्यंत थांबली असती.

“व्हय म्हाराजा,” गावकार पुटपुटले.

“आयकाक नाय इला.”

“व्हय म्हाराजा!”

त्या दुपारी होडी पाण्यात गेली. गावकारांनीही हात लावला, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा करून का होईना. हे सगळंही वहिनीने मोबाइलमध्ये घेतलं होतं आणि आता हे जगाला दाखवायचंच म्हणून दादा हट्टाला पेटला. काकीने नको म्हटलं. “तेंनी देवाक व्हय म्हटल्यानी. तां त्या मोबाइलाक कित्याक दाखवूचा?” मला मात्र अजून वाटतं, दाखवायला हवं होतं.

यंदा शिमग्यानंतर काकी गेली. गेली तीही दुखणं न काढता, बोलता बोलता. नारळीपौर्णिमेला खळ्यात माणसं जमली. गावकार या वेळी अगदी वेळेवर आले होते. घसा खाकरून ते पाटाकडे सरकले, तेवढ्यात वहिनीने नारळ उचलला. कट्ट्याची आमची वहिनी! नारळ दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. गावकार होते तिथेच थांबले.

“बा देवा म्हाराजा,” ती म्हणाली, “आमची सासू तुझ्याकडे इली हा. तिच्या बोलण्याक तू व्हय म्हणीत जा रे म्हाराजा! नायतर ती फुडे बोलाची नाय.”

“व्हय म्हाराजा!” खळं दणाणलं. गावकारांचाही आवाज त्यात होता. माझा तेवढा नव्हता. वहिनीने पुढचं मागणं मागितलंच नाही. ती माझ्याकडे बघत उभी राहिली.

“आयकाक नाय इला,” ती म्हणाली.

मी डोळे पुसले आणि ओरडून ‘व्हय’ म्हटलं.