लिनक्सला कोण विचारतंय?

"लिनक्सला व्हायरस लागत नाय, असं म्हनला व्हता आमचा स्वप्नील," यात्रा कमिटीचे अध्यक्ष मला तिसऱ्यांदा सांगत होते. समोर स्क्रीनवर इंग्रजीत चार ओळी होत्या. तुमच्या सगळ्या फायलींना आम्ही कुलूप घातलंय, किल्ली हवी तर आमच्याशी बोला, एवढाच त्यांचा अर्थ.

सकाळचे दहा वाजले होते. मंदिराच्या ऑफिसात आम्ही तिघं. मी वारूळवाडीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते, वीस वर्षं झाली. तिसरे गुरुजी. निवृत्त शिक्षक, कमिटीचे सेक्रेटरी.

कुलूप लागलं होतं बैलगाड्यांच्या यादीला. आमच्याकडे यात्रेत घाटात, म्हणजे चढाच्या धावपट्टीवर, बैलगाडे पळवतात. गाडे लई येतात. म्हणून आधी नावनोंदणी, मग चिठ्ठ्या टाकून पळायचा नंबर. नोंद नाही तर चिठ्ठी नाही, आणि वर्षभर बैलांना जीव लावलेला माणूस मग कोणाचं ऐकून घेत नाही. चिठ्ठ्या दुसऱ्या दिवशी होत्या. यादी गुरुजींच्या ताब्यात. म्हणजे बोंब त्यांच्याच नावानं होणार होती. बावीस वर्षं ते वहीत यादी लिहायचे. तेव्हा कोणी ब्र काढला नव्हता.

यंदा वही बंद केली स्वप्नीलनं. हा अध्यक्षांचा पुतण्या, हिंजवडीला नोकरीला. त्यानं मंदिरात एक मशीन बसवलं, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं, नोंदणीची वेबसाइट चढवली. पुण्यातून बघता यावं म्हणून रिमोट लॉगिन उघडं ठेवलं. म्हणजे पासवर्ड माहीत असेल तर जगात कुठूनही त्या मशीनमध्ये शिरता येतं. तेव्हा मी केबल टाकायला गेले होते. म्हटलं, पासवर्ड नीट ठेव आणि यादीचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घे. हा हसला.

"मॅम, अटॅक होतात विंडोजवर, कारण ते सगळे वापरतात. लिनक्सला कोण विचारतंय?"

मॅम! मला मॅम म्हणणारा माणूस पुढचं वाक्य मला गप्प करायलाच बोलतो, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. गप्प बसले. चुकलंच माझं.

आता मी लॉग उघडला. लॉग म्हणजे मशीन स्वतःच लिहीत असलेली हजेरी, कोण कधी आलं, काय केलं. फायलींना कुलूप लागलं तरी ही हजेरी वाचता येत होती. मशीन चालू झालं त्याच दिवसापासून दारावर थापा होत्या. माणसांच्या नव्हेत. जगभर असे प्रोग्राम फिरत असतात. ते प्रत्येक उघड्या लॉगिनवर नेहमीच्या पासवर्डांची लांबलचक यादी एकामागून एक लावून बघतात. आत विंडोज आहे का लिनक्स, किती लोक वापरतात, याची त्यांना काही पडलेली नसते. तिसऱ्या आठवड्यात एक पासवर्ड लागला. raja123.

राजा म्हणजे अध्यक्षांचा बैल.

"राजाला अख्खा तालुका वळखतो," अध्यक्ष म्हणाले. अजूनही अभिमानच. मी सांगितलं की त्या प्रोग्रामला तुमचा बैल माहीत नाही, पण राजा नावाची माणसं देशात पोत्यानं आहेत आणि त्या सगळ्यांना पुढे १२३ लावायचीच अक्कल सुचते.

स्वप्नीलला फोन लावला. बॅकअप आहे, म्हणाला. कुठे? त्याच मशीनवर, शेजारच्या फोल्डरमध्ये. त्यालाही कुलूप. मी कपाळावर हात मारला. मग त्यानं कारणही शोधून दिलं.

"मॅम, लिनक्स हल्ली पॉप्युलर होतंय ना, म्हणून झालं असेल."

"दार उघडं होतं म्हणून झालं," मी म्हटलं.

खरं तर त्याचा नियम त्याच्यावरच उलटत होता. लोकांच्या टेबलावर लिनक्स कमी दिसतं, हे बरोबर. फसवे मेल पाठवणारा जास्त गिऱ्हाईक असलेली सिस्टीम बघतो, हेही बरोबर. पण वेबसाइट चालवणाऱ्या मशीनवर बघाल तर लिनक्सच भरलंय. एवढं हिंजवडीच्या इंजिनियरला ठाऊक नसावं? चार इंग्रजी शब्द टाकले की घरचे माना डोलावतात, मग कशाला ठाऊक असेल!

पैसे मोजल्याशिवाय किल्ली मिळणार नव्हती, आणि मोजूनही मिळेल याचा भरवसा नव्हता. गुरुजींनीच मग एक चांगली गोष्ट सांगितली. नोंद झाली की व्हॉट्सॲपवर पावती यायची, नोंदीचा नंबर आणि वेळेसकट. आणि आमचा गाडामालक पावती खिशात ठेवणाऱ्यातला नव्हे. बैलाच्या फोटोवर ती चिकटवून ग्रुपवर टाकल्याशिवाय त्याला घास गोड लागत नाही. संध्याकाळपर्यंत ग्रुपवरून सगळ्या पावत्या जुळवल्या. गुरुजी वहीत उतरवत गेले.

एक्केचाळीस नंबर सापडेना.

"तो कोंडिबाचा," गुरुजी म्हणाले. कोंडिबा डोंगरातला, भीमाशंकरच्या अंगाचा माणूस. बटणाचा फोन, त्यावर व्हॉट्सॲप नाही. तो स्वतः चालत आला होता आणि गुरुजींनी याच मशीनवर त्याचा फॉर्म भरला होता.

अध्यक्षांनी वही पुढ्यात ओढली. "गुरुजी, पुरावा काय? उद्या लोक इचारत्याल."

मला गुरुजींकडे बघवेना. मी घाईनं वेबसाइटचा लॉग काढला. एक्केचाळिसावा फॉर्म बाहेरून आलाच नव्हता, तो ह्याच मशीनवरून भरलेला. बाकी सगळे बाहेरचे. अध्यक्षांना दाखवलं. "मंग झालं की! लिवा कोंडिबा," ते म्हणाले, अगदी मोकळेपणी.

गुरुजींनी लिहिलं. खाली सही केली. मग ऑफिसची किल्ली वहीवर ठेवली.

"बावीस वर्षांत मला पुरावा कुणी मागितला नव्हता," ते म्हणाले. "आता मशीनलाच विचारत जा."

दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या सुरळीत झाल्या. कोंडिबाचा गाडा पळाला. सेक्रेटरीची खुर्ची रिकामी होती.

या धंद्यात शिकलेलं सांगते. अमुक बनावटीचं कुलूप किती घरांना आहे हे चोर मोजत बसत नाही, तो दार ढकलून बघतो. स्वप्नीलनं मशीन पुन्हा उभं केलंय, पासवर्ड लांबलचक ठेवलाय, बॅकअप वेगळ्या डिस्कवर घेतोय. गुरुजींना बोलवायला कमिटी दोनदा घरी जाऊन आली. ते चहा पाजतात आणि यात्रेचा विषय काढू देत नाहीत.