केळुसकरबाईंनी मागे घेतलेला अहवाल

प्रा. शरयू केळुसकर यांची आणि माझी ओळख झाली ती बोलणी खाऊनच. अंधेरीच्या कॉलेजात पहिल्याच प्रात्यक्षिकाला मी परीक्षानळी नळाखाली विसळली आणि तशीच वापरली. बाई म्हणाल्या, "आता तू नळाचं पाणी तपासणार, की मी दिलेलं?" वर्ग हसला. मी मात्र त्यांची कायमची विद्यार्थिनी झाले.

लेण्यांत झिरपलेले पाणी वाळले की भिंतीवर पांढरे पूट उरते. त्यावरून पाणी कुठले, हे ओळखणे ही बाईंची खासियत. खडकातून उतरलेले पावसाचे पाणी मुख्यतः चुना ठेवते. सांडपाणी मीठ आणि नायट्रेटही ठेवते.

ऐंशीच्या सुमारास जोगेश्वरीच्या लेण्यांत गळती वाढली. वरच्या वस्तीतल्या मोऱ्यांचेच हे पाणी, असा बोभाटा झाला. तसे ठरले असते तर तीस-चाळीस घरे उठणार होती. गळतीसाठी नेमलेल्या समितीने तपासणी बाईंकडे सोपवली आणि पूट खरवडून आणायला त्यांनी मला पाठवले. त्यात मीठ भरपूर निघाले. नायट्रेटची परीक्षा बाकी होती, पण समितीला घाई होती. बाईंनी 'सांडपाणी' असा अहवाल दिला.

दोनच दिवसांत त्या वस्तीतल्या पारकरमावशी भांडायला थेट प्रयोगशाळेत आल्या. "पूट खंयसून काढलंस गो?" मी जागा सांगितली: गाभाऱ्याबाहेरची, हाताला येणारी भिंत. मावशींनी कपाळावर हात मारला. "अगो बाय, थंयच तर आमी देवीचो नारळ फोडतव! पाणी सगळा भिंतीर उडता."

नारळाच्या पाण्यातही क्षार असतात. मी वर्षानुवर्षांचे नारळ खरवडून आणले होते! मला रडूच कोसळले. बाई रागावल्या नाहीत. पन्नाशी ओलांडलेल्या बाई दुसऱ्या दिवशी स्वतः शिडीवर चढल्या आणि छताजवळचे पूट काढून आणले. त्यात चुना निघाला, नायट्रेट जवळजवळ नाहीच. पाणी पावसाचे होते.

अहवाल मागे घेतलात तर नाव जाईल, असे सहकाऱ्यांनी बजावले. बाई म्हणाल्या, "नाव परत मिळवता येईल. यांची घरं गेली तर?"

समितीत कुणीतरी विचारले, "पहिला नमुना घेतला कुणी?" मी उठणार तोच बाई म्हणाल्या, "सही माझी आहे. नायट्रेट न बघता केली. चूक माझी." अशा बाईंची मी विद्यार्थिनी आहे, हे सांगताना आजही माझी मान ताठ होते.

बाई आज साठ वर्षांच्या झाल्या. ती घरे आहेत तिथेच आहेत. बाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, असे त्या घरांतून नेहमीच म्हटले जाते. आज आम्ही ते छापून म्हणतो आहोत, इतकेच.