आत्या आणि गोऱ्यांची पट्टी

माझी आत्या कधी पाय आपटून चालली नाही. शेतात तर ती पाऊल असं टेकवायची, जणू खाली कुणी झोपलंय आणि त्याला जाग यायला नको. आम्ही नाशिकहून गेलो की पोरं बांधावरून उड्या मारायची आणि ती कळवळून ओरडायची, “हळू रे! खाली काय हाय, कुणाला ठावं?”

सायखेड्याच्या पुढे, गोऱ्यांच्या पट्टीला लागून तिचं शेत. मोठ्या लढाईच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे इंग्रजांच्या हवाई दलाची छावणी होती. आता त्या धावपट्टीवर मका वाळत घालतात. आत्याला ते गोरे अंधुक आठवायचे. पत्र्याखाली उकडून निघालेले, हिवतापाने पिवळे पडलेले. “एकेकाला मिसरूडबी फुटलं नव्हतं. घरच्या आठवणीनं रडायचे,” ती सांगायची. त्यांच्याबद्दल तिच्या आवाजात राग नसायचा.

राग यावा असं घडलं मात्र होतं. छावणी उठली तेव्हा नेता न येणारं बरंच काही त्यांनी तिथेच पुरलं. पुढे एकदा आत्या आणि तिचा थोरला भाऊ तिथे शेळ्या चारत होते. त्याला मातीत पितळी नळकांडं दिसलं. आत्या ओढ्यावर पाणी प्यायला गेली, आणि इकडे त्याने ते दगडाने ठोकलं. माझे ते काका मी फोटोतही पाहिलेले नाहीत.

काही वर्षांपूर्वी तिच्या मुलाने, बाळासाहेबाने, द्राक्षबागेसाठी शेततळं खोदायचं ठरवलं. आत्या जेवेना.

“पाणी नाय तर बाग नाय, आई.”

“बाग नसली म्हणून माणूस मरत नाय.”

जेसीबी आलाच. मी त्या दिवशी तिथेच होतो. दुपारी बकेट कशावर तरी खणकन वाजली. ड्रायव्हरने ती पुन्हा उचलली, तोच ऐंशी ओलांडलेली आत्या खड्ड्यात उतरली आणि बकेटखाली हात पसरून उभी राहिली.

“बंद कर! खाली उतर. बाळ्या, तूबी लांब जा.”

“आई, आधी तू वर ये!”

“तुम्ही गेल्याबिगर मी नाय हलायची.”

आम्ही दूर गेलो, तेव्हाच ती वर आली. मातीतून म्हशीच्या पाठीसारखं गंजलेलं काहीतरी वर आलं होतं. पोलीस आले, मग बॉम्बशोधक पथक. त्यांनी ते माळावर नेऊन फोडलं, तेव्हा गावातले पत्रे वाजले. बाळासाहेब आईच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडला. ती एवढंच म्हणाली, “एक गेलं.”

आत्या गेल्या वर्षी गेली. बाळासाहेबाने ते शेत पडीक ठेवलंय. पट्टीपलीकडे मात्र प्लॉट पडलेत. तिच्या दहाव्याला गेलो तर तिथे बोअरची गाडी लागलेली. मी आणि बाळासाहेबाने जाऊन गाडीवाल्याला सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं.

“पण ते तर तुमच्या शेतात निघालं ना?” तो म्हणाला, आणि त्याने मशीन चालू केलं.

जमीन थरथरू लागली. पळायचं तर कुठल्या बाजूला, हे आम्हा दोघांनाही कळेना.