कुणाचं पावणं

नाशिकहून निघताना पिशवीत दोन सदरे, भाषणाचे कागद आणि काडेपेटीत जपून ठेवलेला तांदळाचा एक दाणा होता. अमेरिकेत माणसाच्या दंडात, कातडीखाली, ओळखीची चिप बसवायला परवानगी मिळाल्याची बातमी नुकतीच आली होती. चिप असते केवढी, हे श्रोत्यांना दाखवायला तो दाणा. उचगावच्या एका वाचनालयाने ‘अशी चिप हवी की नको’ यावर चर्चा ठेवली होती. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, म्हणून ‘हवी’ म्हणायला मला बोलावलं होतं. मला बोलायला भारी आवडतं.

कोल्हापूरच्या स्टँडवर दुपारी उतरलो आणि उचगावच्या वडापमध्ये (माणसं कोंबून नेणारी खासगी जीप) शिरलो. ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

“कुणाचं पावणं?”

इथे परक्या माणसाला आधी नाव विचारत नाहीत, तो कुणाकडे आलाय ते विचारतात. वाचनालयाने माझी उतरायची सोय ज्यांच्याकडे केली होती, त्यांचं नाव मी सांगितलं, “महादेवअप्पांकडे आलोय, गुळाचे व्यापारी.”

“अप्पांचं पावणं व्हय? मग ऐसपैस बसा की,” म्हणत त्याने माझ्या मांडीवर कुणाचं तरी पोतं ठेवलं.

उतरताना चपलेचा अंगठा तुटला. चांभाराने टाका घालता घालता तोच प्रश्न विचारला, शेजारच्या चहावाल्यानेही विचारला. दोघांनाही मी मोठ्या आवाजात उत्तर दिलं. अप्पांच्या दारात पोचेपर्यंत मी कुणाचा ते अर्ध्या गावाला कळलं होतं आणि मला त्याची मौज वाटत होती.

घरात तिघंच होती. अप्पा, त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे अव्वा (कानडीत आई) म्हणत, आणि मुलगी गिरिजा. गिरिजाने जूनपासून पुढच्या खोलीत बालवाडी सुरू केली होती. भिंतीवर तिने काढलेली फळं होती. भाकरी, झुणका आणि खर्डा जेवलो. खर्ड्याने माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी काढलं, तशी अव्वांनी दह्याची वाटी पुढे सरकवली.

जेवणानंतर गिरिजाने एक गोळी घेतली. डोकं दुखतंय का, असं मी विचारलं. नसती चौकशी करायची सवय आहे मला.

“फिट येती मला. तीन वर्षं झाली, आली न्हाय. पण घराबाहेर कुणाला ठाऊक न्हाय,” ती म्हणाली. “कळलं तर आया पोरं पाठवायच्या न्हाईत.”

“माझ्याकडून बाहेर जाणार नाही,” मी म्हणालो, आणि त्या क्षणी ते अगदी खरं होतं.

“तुमच्या त्या चिपमध्ये हे पण दिसंल?”

“डॉक्टरांना दिसेल, चिप वाचायच्या यंत्रावर.”

“आणि यंत्र दुसऱ्याच कुणाच्या हातात असलं तर?”

मी लांबलचक उत्तर दिलं. तिने ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशीच्या सहलीचं आमंत्रण दिलं. बालवाडीच्या बारा मुलांना घेऊन ती पन्हाळ्याला जाणार होती.

संध्याकाळी अप्पांबरोबर पोचलो तेव्हा वाचनालय भरलं होतं. तांदळाचा दाणा सगळ्यांच्या हातून फिरला. मग कसबा बावड्याहून आलेला एक कामगार उठला.

“उद्या मालक म्हणंल, चिप बसवून घे, न्हायतर काम न्हाय. मग दंड माझा का मालकाचा?”

टाळ्या थांबेनात. आपण हरतोय हे मला सोसवेना. मी उठलो आणि बोललो, “नाव घेत नाही. पण आज मी ज्या घरी जेवलो, तिथल्या मुलीला फिट येते. उद्या ती रस्त्यात पडली, तर डॉक्टरला कसं कळायचं?”

मुद्दा पोचला असं मला वाटलं. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतल्या एका बाईने मान वळवून अप्पांकडे पाहिलं. मग तिच्या शेजारणीने पाहिलं. अप्पा स्वतःच्या हातांकडे बघत होते.

घरी जाताना अप्पा एकदाच बोलले. “आम्ही लिंगायत, आमच्या गळ्यात लिंग असतंय. आमची वळखच की ती. पण कापडाच्या आत. दुसऱ्याला दाखवायचं नसतंय.”

सकाळी ठरलेली जीप आली. ड्रायव्हर कालचाच होता. मुलं आली नाहीत. एकच बाई आली आणि मुलीला ताप आहे म्हणाली. मुलगी तिच्या कडेवर होती, अंगात नवा फ्रॉक आणि पायात बूट.

“गिरिजा, मी नाव घेतलं नव्हतं,” मी म्हणालो. माफी मागायची सोडून हे म्हणालो.

“नाव कशाला लागतंय? तुम्ही कुणाचं पावणं, सगळ्यांना ठाऊक हाय की,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “गाडी सांगितलीया. तुम्ही तरी बघून या पन्हाळा.”

नाही म्हणायचं तोंड नव्हतं. अव्वांनी चिरमुऱ्यांच्या पुड्यांची पिशवी जीपमध्ये आधीच ठेवली होती. तिच्यात गळ्यात अडकवायच्या पुठ्ठ्याच्या बारा चिठ्ठ्याही होत्या. मुलं हरवू नयेत म्हणून गिरिजाने प्रत्येकीवर मुलाचं नाव आणि खाली ‘गिरिजाताईंची बालवाडी’ असं लिहिलं होतं.

“त्यातली एक माझ्या पोरीची हाय,” घाटात ड्रायव्हर म्हणाला. “बायको पाठवत न्हाय म्हणाली. मी तरी काय बोलू?”

पन्हाळ्यावर वारा छान होता. तटावरून खाली उसाचं हिरवं रान दिसत होतं. ‘तीन दरवाजा’चं कोरीव काम पाहिलं, पण आज त्यातलं काही आठवत नाही. पुड्या तशाच परत नेल्या. अप्पांच्या घरी निरोप घेताना मात्र माफी मागितली. गिरिजा “असू दे” म्हणाली. त्याहून तिने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

चिप अजून इथल्या कुणाच्याच दंडात गेली नव्हती. यंत्र चुकीच्या हातात पडलं तर काय, असं गिरिजाने विचारलं तेव्हा मी भलतीकडेच बघत होतो. त्या घरातलं झाकलेलं माझ्या जिभेने उघडं केलं. बालवाडी पुन्हा भरली का, हे पत्राने विचारायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.

परतीच्या एसटीत शेजारच्या म्हाताऱ्याने सरकून जागा दिली. “बसा की पावणं. कुणाकडं आलतासा?”

“कामानिमित्त आलो होतो.”

“ते झालं. पण कुणाचं पावणं?”

मी खिडकीबाहेर बघत गप्प राहिलो. एवढंच मला आदल्या दिवशी जमायला हवं होतं.