भाऊची खिडकीतली बरणी

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी अर्नाळ्याच्या बाजारात सुके बोंबील निवडत होते. पिशवी तिथंच राहिली… तिचं काय झालं, कोण जाणे.

माझा हा थोरला भाऊ नोकरीत असताना फोर्टातल्या फुटपाथवरून किड्यामुंग्यांवरची जुनी इंग्रजी पुस्तकं आणायचा. निवृत्तीनंतर, मी त्याच्याकडे वाडीवर गेले की वाल सोलता सोलता मला त्यातलं मराठीत सांगायचा. वहिनी आत भांडी आवरायची, आपण ऐकतच नाही अशी. त्यात एक काळा भुंगेरा होता, धान्याच्या कोपऱ्यात, काळोखात राहणारा. पूर्वीच्या लोकांनी लिहून ठेवलंय म्हणे, हा दिसला की घरातलं कुणीतरी जाणार. मी म्हटलं, असलं वाचतोस कशाला रे? तर हसला. "अगं, माणूस गेलं की लोक खाट हलवतात, पेट्या ओढतात. किडा आधीपासून तिथंच असतो. दिसतो तेव्हा."

आपल्याकडे त्याचा कुणी भाऊबंद मिळतो का, हे त्याला बघायचं होतं. त्यासाठी खिडकीत एक बरणी, तळाला कोंडा, तोंडाला फडकं. वहिनी म्हणायची, माझ्या लोणच्याला बरणी नाही आणि ह्यांच्या न आलेल्या पाहुण्याला बंगला. मी किती किडे नेऊन दाखवले! भाऊ चष्मा वर करून बघायचा आणि म्हणायचा, हा तो नव्हे.

दहावं झाल्यावर त्याची खाट हलवली, तर खालून काळा भुंगेरा निघाला. वहिनी दारापर्यंत मागे सरली. "वन्सं, आधी तो बाहेर टाका."

मी त्याला बरणीत ठेवला. बरोबर केलं की चूक, अजून कळत नाही. भाऊचं म्हणणं मला पटलेलं होतं, तरी फडक्याला दोन गाठी जास्त मारल्या. आणि हा तोच का? वाडीवर गेले की पुस्तकातल्या चित्राशी लावून बघते. सकाळी वाटतं तोच, दुपारी वाटतं छे, हा आपला साधा शेणातला किडा. विचारायचं कुणाला…

परवा वाडीवर गेले तर भुंगेरा उताणा, पाय आखडलेले. फडकं सोडलं, वहिनीला हाक मारली. म्हटलं, आता हा टाकते एकदाचा. ती बरणीत वाकून बराच वेळ बघत राहिली.

"मेल्याचं सोंग घेतो ना हा? हेच सांगायचे तुम्हाला. थांबा जरा."

तिनं फडकं पुन्हा बांधलं, आतून वाल आणले आणि माझ्यासमोर सोलायला बसली.